शनवार तेल्यांनी निवडलेली पुस्तके

ड्युईच्या दशांश वर्गीकरणात बायबलला २२० हा क्रमांक आहे आणि ज्यू धर्माला २९६. मधल्या आकड्यांत ख्रिस्ती धर्मशास्त्र, चर्चचा इतिहास, पंथ-उपपंथ हे सगळे मांडून झाल्यावर शेवटी 'इतर धर्म' येतात. बौद्ध धर्माचा २९४.३ आणि हिंदू धर्माचा २९४.५ ही आपल्या ओळखीची घरेही त्याच टोकाला. त्यामुळे ज्या ग्रंथावर ज्यू धर्म उभा आहे तो एका कपाटात आणि ज्यू धर्म दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी होते. वाचनालयात 'ज्यूंचा धर्मग्रंथ' मागणाऱ्याच्या हाती बहुधा मराठी बायबलचा 'जुना करार' ठेवला जातो आणि २९६ वर फार तर ज्यू इतिहासाची दोन-तीन इंग्रजी पुस्तके निघतात. अडचण वरवर तांत्रिक दिसते, पण तिच्या मुळाशी निवडीचा प्रश्न आहे. ज्यूंचे धर्मग्रंथ म्हणजे कोणते, ते कोणाच्या भाषांतरातले घ्यायचे, आणि थोड्या पैशांत घ्यायचे तर आधी कोणते? नवी मुंबईतल्या एखाद्या वाचनालयाने असा संग्रह उभा करायचे ठरवले, तर त्याने न्यूयॉर्क किंवा जेरुसलेमच्या प्रकाशनसूच्या उघडण्याआधी पनवेल ते अलिबाग या पट्ट्याचा इतिहास उघडावा, असे माझे म्हणणे आहे. इथल्या बेने इस्रायल समाजाने एकोणिसाव्या शतकात, पदरी पैसा आणि हाती पुस्तके दोन्ही बेताची असताना, हीच निवड एकदा केलेली आहे. कोणता ग्रंथ आधी मराठीत आणायचा, कोणता मागे ठेवायचा आणि कोणत्या लिपीत छापायचा, याबद्दल त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा क्रम हाच आजच्या संग्रहाचा सर्वांत भरवशाचा आराखडा आहे.

नवी मुंबईला कसला आला आहे इतिहास, असे यावर कोणी म्हणेल. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. पण आखणी नवी असली तरी जमीन जुनी आहे. तिच्या दक्षिण टोकाला असलेल्या पनवेलमध्ये बेथ एल हे सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावण्याच्या चार वर्षे आधी पनवेलला ज्यूंची प्रार्थना एका पक्क्या जागी होऊ लागली होती. रेवदंडा, अलिबाग, पेण या गावांची सिनेगॉगेही याच काळातली, ठाण्याचे त्यानंतरचे, १८७९ चे. या समाजाची आडनावे म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशाच आहे: पनवेलकर, पेणकर, आपटेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, दिवेकर, राजपूरकर. तेलाचा घाणा चालवणे हा त्यांचा पिढीजात धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे ही ओळख, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १८८३ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्यांची नोंद इथल्या इतर जातींच्या रांगेतच घेतली आहे. तेव्हा ज्यू धर्मग्रंथांचा संग्रह नवी मुंबईत करणे म्हणजे परक्या देशातले काही कुतूहलापोटी मागवणे नव्हे. तालुक्याच्याच इतिहासातला एक सुटलेला भाग त्यामुळे जागेवर येईल.

या समाजाच्या ग्रंथांचा इतिहास ग्रंथ नसण्यापासून सुरू होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्याजवळचे सगळे समुद्रात गेले, अशी परंपरागत कथा आहे. तिचा काळ सिद्ध करता येत नाही, पण ग्रंथांच्या बाबतीत ती जे सांगते ते पुढच्या शतकांना लागू पडते. त्यांच्याजवळ तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, नव्हती, प्रार्थनेची पोथी नव्हती, हिब्रू वाचता येत नव्हते. उरले ते आचार: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि देव एकच आहे असे सांगणारा 'शेमा', जो प्रत्येक कार्यात म्हटला जाई. सणांना हिब्रू नावेही राहिली नव्हती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, खीर करायची तो खिरीचा सण, आणि दारे लावून उपास धरायचा तो दारफाळणीचा सण. ही नावे नीट पाहिली की एक गोष्ट कळते. धर्म इथे स्वयंपाकघरात, उंबरठ्यावर आणि जेवणाच्या पंगतीत टिकला होता. विद्यापीठात किंवा पाठशाळेत नव्हे. अठराव्या शतकापासून कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढले, १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले, आणि पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू प्रार्थनेची रीत शिकवली. प्रार्थना आली, पण तिचा अर्थ आला नाही. ऐकू येते पण कळत नाही, अशी ही स्थिती होती, आणि पुढची सगळी भाषांतरे याच टोचणीतून निघाली.

अर्थाचे साधन आले ते अनपेक्षित दिशेने. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुंबई आणि कोकणात शाळा काढल्या आणि त्यांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने बसू लागली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी वाचणाऱ्या ज्यूंना हिब्रू शिकवणारे हे पुस्तक एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने लिहावे, यात त्याचा हेतू लपलेला नाही. जुना करार मुळातून वाचता आला की त्यातली भविष्यवचने येशूकडे बोट दाखवतात हे या लोकांना पटेल, अशी ती अपेक्षा होती. अपेक्षा फळली नाही. धर्मांतरे अगदी थोडी झाली. पण व्याकरण मागे उरले, मराठी बायबलही उरले, आणि ही दोन्ही साधने समाजाने आपल्या कामाला लावली. इथे संग्रहकर्त्यासाठी पहिला धडा आहे. जे पुस्तक सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्त मिळते ते कोणी, कशासाठी तयार केले हे विचारावे. आणि उत्तर अडचणीचे निघाले तरी पुस्तक फेकू नये, त्याची जागा ठरवावी. विल्सनच्या व्याकरणाविना पुढची पायरी कदाचित बरीच उशिरा आली असती. तरीही ते व्याकरण ज्यू परंपरेचे पुस्तक ठरत नाही.

पुढची पायरी म्हणजे १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघालेला हिब्रू-मराठी 'हगादा'. हे पुस्तक पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या पहिल्या रात्री घरी, जेवणाच्या आधी आणि नंतर वाचायचे असते. मिसरातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेची गोष्ट त्यात सांगितली जाते. समाजाने भाषांतरासाठी आधी हेच का निवडले असावे? तोरा अधिक पवित्र, प्रार्थनेचे पुस्तक रोज लागणारे. तरी मान हगादाला मिळाला. मला वाटते कारण त्या पुस्तकाच्या घडणीतच आहे. घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे, ही त्याची रचना. शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला विचारताही येत नाही असा, अशी चार मुले त्यात येतात आणि प्रत्येकाला त्याच्या बेताने सांगावे अशी आज्ञा आहे. प्रार्थना न कळता म्हटली तरी ती प्रार्थना राहते. पण न कळणाऱ्या भाषेत गोष्ट सांगितली तर ती सांगितलीच जात नाही. त्यामुळे जिथे भाषांतर ही सोय नसून विधीचीच गरज होती, तिथे ते आधी झाले. १८७४ मध्ये पुण्याहून मोशे जेकब टळकर आणि आरोन डॅनियल टळकर यांनी सचित्र हगादा काढला. त्याच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. युरोपातल्या हगादांमधली चित्रे त्यांना ठाऊक होती, पण भाकरी थापणारे हात त्यांनी आपल्या घरातले काढले. भाषांतर शब्दांपाशी थांबले नव्हते, हे त्यावरून कळते.

या दोन्ही पुस्तकांबद्दलची एक साधी गोष्ट सहज नजरेतून निसटते: त्यांतले मराठी देवनागरीत आहे. जगभरचे ज्यू ज्या ज्या भाषा बोलू लागले त्या त्यांनी बहुधा हिब्रू अक्षरांत लिहिल्या. पूर्व युरोपातली यिडिश, स्पेनमधून हाकललेल्यांची लादिनो, इराकमधली अरबी, सगळ्यांची हीच रीत. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी १८५५ ते १८६६ या काळात चालवलेले 'दोरेश तोव लेअम्मो' हे पत्र अरबी भाषेत होते, पण हिब्रू लिपीत. याच समाजातल्या डेव्हिड ससूनच्या पेढीने शहराला शाळा, रुग्णालये आणि काळा घोड्याजवळचे वाचनालय दिले, पण त्या समाजाची स्वतःची पुस्तके बाहेरच्याला वाचता येण्यासारखी नव्हती. बेने इस्रायलांनी हा आडपडदा ठेवलाच नाही. शाळेतून आलेली बाळबोध लिपी त्यांनी आपल्या धर्मपुस्तकांसाठी जशीच्या तशी घेतली. त्यामुळे हिब्रू मजकुराशेजारचा त्यांचा मराठी मजकूर पनवेलचा कोणीही साक्षर माणूस तेव्हाही वाचू शकत होता आणि आजही वाचू शकतो. सार्वजनिक वाचनालयाच्या दृष्टीने याहून मोठी शिफारस कोणती? एका समाजाने आपली पवित्र पुस्तके सर्वांच्या लिपीत छापली. ती सर्वांच्या वाचनालयात असावीत, हे त्यातूनच ओघाने येते.

हगादानंतर आली प्रार्थनेची पुस्तके, आणि या कामातले सर्वांत मोठे नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचे. १८३४ मध्ये जन्मलेले राजपूरकर मुंबईतल्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. १९०५ मध्ये ते वारले तेव्हा ज्यू उपासनेतल्या प्रार्थनांचा फार मोठा भाग त्यांच्यामुळे मराठीत उपलब्ध झाला होता. रोजच्या प्रार्थना, सणांच्या, उपासांच्या; म्हणजे पुन्हा उपयोगाचाच क्रम. त्याच सुमारास तिसऱ्या प्रकारचे पुस्तक निघाले, ज्याला जगातल्या इतर ज्यू साहित्यात जोड सापडणे कठीण. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर इस्रायली कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओवी, साकी, दिंडीत बसवली गेली आणि छापलीही गेली. हिब्रू अर्थ लावण्याची परंपरा जगभर प्रवचनातून आणि टीकाग्रंथांतून चालते. इथे तिने टाळ-पेटी हाती घेतली. संग्रह करणाऱ्याने या कीर्तनांना लोककला म्हणून वेगळे काढू नये. तोरातल्या कथेवर मराठीत केलेले ते भाष्यच आहे, आणि भाष्य हा ज्यू धर्मग्रंथांचा अर्ध्याहून अधिक भाग आहे.

आता या क्रमावरून आजचा संग्रह कसा ठरतो ते पाहू. पाया अर्थात तनाख, म्हणजे तोरा, संदेष्टे आणि लेख. इथे पहिला आक्षेप येतो: मराठी बायबल वाचनालयात आधीच आहे, मजकूर तोच, मग दुसरे कशाला? मजकूर बराचसा तोच आहे हे खरे, पण ग्रंथ तोच नाही. ख्रिस्ती जुना करार मलाखीपाशी संपतो आणि भविष्यवाणीतून थेट नव्या कराराकडे नेतो. हिब्रू तनाख इतिहासाच्या पुस्तकापाशी, बाबेलमधल्या बंदिवासातून यरुशलेमला परत जाण्याच्या परवानगीवर संपतो. शेवट बदलला की ग्रंथाचा रोख बदलतो. हिब्रूत मलाखीचे अध्याय तीन, ख्रिस्ती छपाईत चार. त्यामुळे संदर्भसुद्धा जुळत नाहीत. यशया सातव्या अध्यायातल्या 'अल्मा' या शब्दाला मराठी बायबल 'कुमारी' म्हणते, ज्यू भाषांतरे 'तरुणी' म्हणतात, आणि त्या एका शब्दावर दोन धर्मांत दोन हजार वर्षे वाद आहे. देवाचे चार अक्षरी नाव ज्यू उच्चारत नाहीत, वाचताना 'अदोनाय' म्हणतात. जुन्या मराठी बायबलने मात्र 'यहोवा' हे रूप रूढ केले. शिवाय सिनेगॉगमध्ये तोरा वर्षभरात ५४ साप्ताहिक भागांत वाचली जाते, आणि ती विभागणी ख्रिस्ती आवृत्तीत नसतेच. म्हणून ज्यू प्रकाशन संस्थेचे १९१७ चे आणि १९८५ मध्ये एका खंडात निघालेले नवे अशी दोन इंग्रजी तनाख भाषांतरे, आणि हिब्रू-इंग्रजी मजकुरासह हर्ट्झची तोरा घ्यावी. त्यांच्या शेजारी १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले पंडिता रमाबाईंचे बायबलही असावे. त्या ख्रिस्ती होत्या, पण हिब्रू शिकून मुळातून भाषांतर करण्याचे कष्ट त्यांनी घेतले होते, आणि हिब्रू वाक्य मराठीत कसे उतरते हे पाहायला तिथे मिळते. कपाट कोणते, तर २२०. २९६ वरच्या सूचिपत्रकात तिथला निर्देश द्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्यू धर्म तनाखवर थांबत नाही. त्याचा कणा तालमूद आहे, आणि तालमुदाविना संग्रह म्हणजे स्मृती आणि निबंधग्रंथ वगळून केलेला धर्मशास्त्राचा संग्रह. कोकणातल्या समाजाने तालमूद मराठीत आणला नाही हे त्यांच्या परिस्थितीचे फळ होते. त्याला आदर्श का मानायचे? या आक्षेपाला इतिहासाचाच आधार आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीसंस्थेने बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांबाबत चौकशीचे निर्देश काढले. पूर्वजांनी घटस्फोट आणि निपुत्रिक भावाच्या विधवेचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले होते का, हा संशय त्यामागे होता. जो समाज शतकानुशतके शनिवार पाळत आला, त्याचे ज्यूपण अशा शास्त्रग्रंथांवरून तपासले गेले जे त्याच्या घरात कधी नव्हते. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये इस्रायल सरकारने त्यांना सर्व बाबतीत पूर्ण ज्यू ठरवले. म्हणजे न वाचलेली पुस्तकेसुद्धा माणसाच्या आयुष्यावर अधिकार गाजवतात. तेव्हा शास्त्रग्रंथ संग्रहात हवेतच, हे मला मान्य आहे. मतभेद आहे तो प्रमाणाचा. बाबिली तालमुदात ३७ प्रबंध आणि २,७११ पाने, म्हणजे दुहेरी पत्रे आहेत. एक प्रसिद्ध हिब्रू-इंग्रजी आवृत्ती ७३ खंडांची आहे. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने ती घेतली तर उरलेले काही घेता येणार नाही, आणि आधाराशिवाय ती वाचणाराही मिळणार नाही. त्यापेक्षा डॅनबीचे १९३३ चे तालमुदाचा पाया असलेल्या संपूर्ण मिश्नाचे एका खंडातले भाषांतर घ्यावे, तालमुदातला प्रार्थनांवरचा 'बराखोत' हा एक प्रबंध टीकेसह घ्यावा, आणि बाकीचा तालमूद आता इंटरनेटवर इंग्रजीसह मोफत उपलब्ध आहे हे सूचिपत्रकावर लिहावे. मिश्नातला 'पूर्वजांची वचने' हा छोटा भाग मात्र स्वतंत्र पुस्तक म्हणूनही असावा, कारण तो प्रार्थनापुस्तकातच छापला जातो आणि घराघरात वाचला जातो. इथेही कसोटी तीच: आधी वापरातले, मग अधिकारातले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. भारतात ज्यू आता जेमतेम चार-पाच हजार; स्वातंत्र्याच्या सुमारास ते पंचवीस हजारांच्या आसपास होते. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्याने वाचक वाढत नाहीत. मग हे कपाट कोणासाठी? हा प्रश्न विचारणारे एक गृहीत धरतात, की धर्मग्रंथ त्या धर्माच्याच माणसाने वाचायचा असतो. तसे असते तर आपल्या वाचनालयांतले धम्मपद, कुराण आणि बायबल यांचे वाचक मोजून ती कमी करावी लागली असती. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे इतकेच सांगितलेले नाही, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा असे आहे. या पुस्तकांचे संभाव्य वाचक थोडे नाहीत: मराठी गद्याच्या घडणीचा अभ्यासक, कीर्तनपरंपरेचा शोध घेणारा, भाषांतराचा विद्यार्थी, आणि इस्रायलमधून आजोबांचे गाव पाहायला आलेली पनवेलकर आडनावाची तिसरी पिढी. इस्रायलला गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. जी भाषा समुद्रापलीकडे जपली जाते तिची धर्मपुस्तके इथल्या वाचनालयात नसणे हे विचित्र आहे. राजपूरकरांच्या पिढीची मराठी आज जड वाटते हेही खरे; पण जुनी मराठी जड वाटते म्हणून आपण जांभेकरांचे 'दर्पण' किंवा बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' रद्दीत घालत नाही.

मिळण्याची अडचण त्याहून खरी आहे. मूळ प्रती बहुतेक परदेशांतल्या मोठ्या ग्रंथालयांत आणि काही कुटुंबांत आहेत. पण पुण्याच्या १८७४ च्या हगादाची प्रतिमुद्रा वॉल्टर फिशेल यांच्या प्रस्तावनेसह १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून निघाली आहे. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेला बेने इस्रायलांचा इतिहास, सणांची जुनी मराठी नावे आणि चालीरीती यांच्यासाठी आजही पहिला आधार आहे. अव्राहाम यारी यांनी पूर्वेकडच्या हिब्रू मुद्रणाची जी सूची केली, तिच्या १९४० च्या दुसऱ्या भागात भारतातली छपाई येते. ती हाती असली की काय शोधायचे ते तरी कळते. संग्रह म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूंचा ढीग ही कल्पना इथे सोडावी लागेल. प्रतिमुद्रा, अंकीय प्रत, आणि कुटुंबांच्या परवानगीने केलेली छायाप्रत यांनाही दाखल क्रमांक देता येतो. आणि एक सावधगिरी पाळावी. सिनेगॉगमधल्या चर्मपत्रावरच्या सेफर तोरा मागू नयेत, भेट म्हणूनही घेऊ नयेत. ती हस्तलिखिते उपासनेची साधने आहेत, प्रदर्शनाची नाहीत. वाचनालयाचे काम छापील पुस्तकापाशी सुरू होते आणि तिथेच संपावे.

छापील पुस्तक आले की ते कधीतरी जीर्ण होणार, आणि दर काही वर्षांनी वाचनालय जुनी पुस्तके बाद करते. ज्यू परंपरेत देवाचे नाव असलेला हिब्रू मजकूर फेकत किंवा जाळत नाहीत. तो 'गेनिझा'त बाजूला ठेवतात आणि पुढे मातीत पुरतात. ज्या शहराच्या बऱ्याच भागात २६ जुलै २००५ ला पाणी शिरले होते, आणि जिथे जून ते सप्टेंबर प्रत्येक कागद ओल धरतो, तिथे हा नियम कधी ना कधी समोर येणारच. अशा प्रती रद्दीवाल्याकडे न जाता पनवेल किंवा ठाण्याच्या सिनेगॉगकडे सोपवल्या जातील, अशी एक ओळ वाचनालयाच्या नियमावलीत असली तर पुरे. कोणी म्हणेल, सार्वजनिक संस्थेने एका धर्माची शिवाशिव कशाला पाळायची? पण यात श्रद्धा ठेवण्याचा प्रश्न नाही. ज्यांच्याकडून पुस्तक घेतले त्यांनी त्याचा शेवट कसा मानला आहे, तेवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. ज्ञानेश्वरीची जीर्ण प्रत आपण भज्यांच्या पुड्याला देत नाही, ती याच भावनेने.

शेवटी राहिला तो सुरुवातीचा आकडा. योसेफाच्या आख्यानाचे, ओव्या-दिंड्यांतले, देवनागरीत छापलेले इस्रायली कीर्तन ग्रंथपालाच्या टेबलावर आले तर त्याच्या पाठीवर कोणता क्रमांक लिहायचा? कथा तोरातली, म्हणून २२२. कर्ते आणि श्रोते ज्यू, म्हणून २९६. रूप आणि भाषा मराठी काव्याची, म्हणून ८९१.४६, आणि कीर्तन हा प्रकार पाहिला तर २९४.५ च्या हिंदू उपासनेशेजारी. चारही उत्तरे बरोबर आहेत, आणि यातले कोणतेही एक घेतले तर उरलेली तीन खोटी पडतात. माझे मत २९६ च्या बाजूने आहे, कारण ज्या माणसांनी ते रचले त्यांनी ते आपला धर्म सांगण्यासाठी रचले होते, आणि संग्रहात शेवटचा शब्द पुस्तक वापरणाऱ्यांचा असावा. पण मराठी साहित्याच्या २९६ पेक्षा कितीतरी भरलेल्या कपाटात त्याचे एक सूचिपत्रक ठेवावे, 'पाहा: २९६' असे लिहिलेले. ज्ञानेश्वर-तुकारामांवरची पुस्तके शोधायला आलेला वाचक ते पत्रक हातात घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईल, आणि तिथे त्याला शनवार तेल्यांचा मोशे साकी-दिंडीत भेटेल.